गुमास्ता

परवा सकाळी डोंबिवलीहून एका जुन्या ओळखीच्या माणसाचा फोन आला. "मास्तर, मला गुमास्ता काढायचाय. बँकवाले म्हणतात चालू खातं उघडायचं तर गुमास्त्याचा कागद आणा. तुम्हाला यातलं कळतं. दादांचा तुम्हीच भरायचात ना?"

मी म्हटलं, "रविवारी ये."

फोन ठेवला आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो. का, ते पुढे सांगतो. आधी तो शब्द. गुमास्ता काढणे! मुंबईत दुकान असलेल्या कुणालाही विचारा, त्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. भिंतीवर, देवाच्या तसबिरीच्या आसपास, काचेच्या चौकटीत लावलेला सरकारी कागद म्हणजे गुमास्ता. पण गुमास्ता म्हणजे खरं तर माणूस. तो कागद कसा झाला, ही गोष्ट मोठी मजेशीर आहे, आणि थोडी दुःखाचीही.

मी व्याकरण शिकवत आलो, त्यामुळे शब्दाच्या मुळाशी गेल्याशिवाय मला राहवत नाही. हा शब्द फारसीतून आला. तिथे त्याचा अर्थ नेमलेला माणूस, मुखत्यार. पेशवाईच्या काळात सावकाराचा गुमास्ता असे, व्यापाऱ्याचा असे. धन्याच्या वतीने परगावी जाऊन देणंघेणं करणारा, हिशेब ठेवणारा. तिकडे बंगालमध्ये ईस्ट इंडिया कंपनीने अठराव्या शतकाच्या मध्यावर दलालांना दूर सारून विणकरांकडून कापड घ्यायला स्वतःचे गुमास्ते नेमले. त्यांनी एवढा धुमाकूळ घातला, की १७६२ साली नबाब मीर कासीमने कंपनीच्या गव्हर्नरकडे त्यांच्याविरुद्ध तक्रार केली होती. म्हणजे एके काळी गुमास्ता हा लोकांनी घाबरावं असा माणूस होता. पुढे दीडशे-पावणेदोनशे वर्षांत त्याचं तेज उतरत गेलं. विसाव्या शतकातल्या मुंबईत गुमास्ता म्हणजे पेढीवर किंवा दुकानात बसणारा साधा कारकून. गादीवर शेटजी आणि गादीखाली गुमास्ता.

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, असे गुमास्ता होते.

१९३६ साली, अठराव्या वर्षी ते रत्नागिरीकडून बोटीने मुंबईला आले आणि काळबादेवीच्या कापडबाजारात एका पेढीवर लागले. ते सांगायचे, की सकाळी आठला दुकानात जायचं आणि रात्री शेटजी उठतील तेव्हा उठायचं. नऊ वाजोत, दहा वाजोत. दुपारच्या जेवणाला सुट्टी अशी नव्हतीच. गिऱ्हाईक नसेल तेव्हा मागच्या बाजूला बसून डबा खायचा, आणि गिऱ्हाईक आलं की हात धुऊन उठायचं. आठवड्याची सुट्टी? ती नाही. दुकान बंद राहायचं ते सणाला, नाहीतर शेटजींच्या घरी कुणी गेलं तर.

आता गंमत पाहा. त्याच मुंबईत, काळबादेवीपासून फार लांब नाही, गिरणगावात कामगाराला रविवारची सुट्टी मिळून तेव्हा पंचेचाळीस वर्षं उलटली होती. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली, अर्ज केले, सभा घेतल्या, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. दुसऱ्याच वर्षी कारखान्यांच्या कायद्यातही आठवड्याची सुट्टी आली. मग गुमास्त्यानेच काय पाप केलं होतं?

पाप काही नाही, तो एकटा होता. गिरणीत हजारो माणसं एका छपराखाली असतात. भोंगा वाजला की एकदम आत जातात, एकदम बाहेर येतात. त्यांची संघटना होऊ शकते, त्यांच्यासाठी इन्स्पेक्टर नेमता येतो, आणि त्या इन्स्पेक्टरला गिरणी कुठे आहे हे शोधत बसावं लागत नाही. चिमणीच्या धुरावरून कळतं! दुकानाचं तसं नाही. या दुकानात एक गुमास्ता, त्या दुकानात दोन. शेटजींच्या घरचाच असल्यासारखा तो वागतो, त्यांच्या मुलाच्या लग्नात वाढपी होतो. तो कुणाबरोबर मिळून संप करणार? आणि त्याची मोजदाद तरी कोण करणार? विलायतेतही हेच झालं होतं. तिथे कारखान्यांचे कायदे आधी आले आणि दुकानातल्या नोकरांकडे लक्ष जायला १८८६ साल उजाडलं. तेही फक्त अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी, आणि त्यांच्या कामाची मर्यादा होती आठवड्याला चौऱ्याहत्तर तास. सगळ्या दुकानी नोकरांना आठवड्यातून अर्धा दिवस सुट्टी मिळायला १९११ साल यावं लागलं.

आपल्याकडे ते काम मुंबई प्रांताने सर्वांत आधी केलं, याचा मला अभिमान वाटतो. १९३७मध्ये बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं. त्यात कामगार खात्याचं काम पाहायला संसदीय चिटणीस म्हणून गुलझारीलाल नंदा होते. होय, तेच, जे पुढे दोन वेळा हंगामी पंतप्रधान झाले. अहमदाबादच्या मजूर महाजनात मुरलेला माणूस. या मंत्रिमंडळाच्या काळात १९३९चा दुकाने व संस्थांचा कायदा झाला. देशातला त्या प्रकारचा तो पहिला कायदा. महायुद्धाच्या प्रश्नावरून मंत्रिमंडळाने त्याच वर्षी राजीनामा दिला, पण कायदा राहिला, आणि १९४०च्या नोव्हेंबरात अंमलातही आला. बंगाल, पंजाब, सिंध पाठोपाठ आले.

कायद्याचं नाव लांबलचक आणि इंग्रजी. बाजारात ते कुणाच्या तोंडी बसणार? लोकांनी विचारलं, हा कायदा कुणासाठी? गुमास्त्यांसाठी. मग तो झाला गुमास्ता कायदा. गुजराती व्यापारी त्याला गुमास्ता धारा म्हणू लागले. आजही गुजरातेत हाच शब्द आहे आणि मध्य प्रदेशातही दुकानदार गुमास्ताच काढतो. सरकारने ठेवलेलं नाव कुणाला आठवत नाही, आणि बाजाराने ठेवलेलं नाव ऐंशी वर्षांवर टिकलं.

स्वातंत्र्यानंतर खेरांच्याच दुसऱ्या मंत्रिमंडळाच्या काळात, आता नंदा कामगार मंत्री असताना, जुना कायदा जाऊन नवा आला. मुंबई दुकाने व संस्था अधिनियम, १९४८. जानेवारी १९४९पासून तो लागू झाला, आणि थोड्याथोडक्या नव्हे, एकोणसत्तर वर्षं राहिला. त्यात काय काय होतं ते आज वाचलं तर नवल वाटतं. दुकान सकाळी सातच्या आधी उघडायचं नाही आणि रात्री साडेआठनंतर चालू ठेवायचं नाही. त्या वेळी आत जे गिऱ्हाईक असेल त्याला द्यायला पंधरा मिनिटं जास्त. नोकराला दिवसाला नऊ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास, यापेक्षा जास्त काम नाही. पाच तास काम झालं की एक तास विश्रांती. आठवड्यातून एक दिवस दुकान बंद, त्या दिवसाचा पगार कापायचा नाही, आणि त्या दिवशी नोकराला दुकानात बोलवायचंही नाही. अर्थात काही धंद्यांना सवलती होत्या, वेळा पुढे बदलल्याही. पण गाभा हा.

आणि त्यात नोंदणीचं एक स्वतंत्र प्रकरण होतं. मला वाटतं, खरी मेख तिथे आहे. कायदा कितीही चांगला केला, तरी शहरात दुकानं किती, कुठे, कुणाची, त्यांत नोकर किती, हेच सरकारला ठाऊक नसेल तर तो लागू कुणाला करणार? गिरणीला चिमणी असते, दुकानाला नसते. दुकान आज उघडतं, उद्या बंद पडतं, परवा भाऊ वाटण्या करतात आणि एकाची दोन होतात. म्हणून दुकानदाराने अर्ज करायचा, त्यात मालकाचं नाव, धंद्याचं स्वरूप, घरची माणसं किती आणि नोकर किती हे लिहायचं, शुल्क भरायचं आणि दाखला घेऊन तो दिसेल असा लावायचा. आणि हा दाखला वर्षाचा. कायद्यातलं वर्ष पहिल्या जानेवारीला सुरू होई. मुदत संपायच्या पंधरा दिवस आधी नूतनीकरणाचा अर्ज गेला पाहिजे, म्हणजे डिसेंबरच्या मध्यावर. उशीर झाला की जादा शुल्क.

शाळेत आम्ही रोज हजेरी घेतो. पोरांना तो वेळेचा अपव्यय वाटतो. पण ज्या दिवशी हजेरी घेतली नाही, त्या दिवशी कोण आलं नाही हे कळत नाही. वर्षाच्या शेवटी होणारं ते नूतनीकरण म्हणजे शहरातल्या गुमास्त्यांची हजेरी होती. हे आता म्हणतोय. तेव्हा मलाही ते डिसेंबरातलं एक झेंगटच वाटायचं.

अण्णांचं मात्र तसं नव्हतं. ते त्याला "आमचा कायदा" म्हणायचे. माझा जन्म १९५०चा, त्यामुळे रविवार नसलेले अण्णा मी पाहिलेच नाहीत. पण बाकीचे सहा दिवस ते मला रात्रीच दिसायचे, दिव्याच्या उजेडात, पाय चेपून घेताना. रविवारी ते उजेडात दिसायचे. रविवारी आम्हाला घेऊन चौपाटीवर जायचे. रविवारी पाढे म्हणून घ्यायचे. मी मास्तर झालो त्याचं श्रेय मी त्या कायद्याला देतो. घरातले लोक हसतात, पण माझं ते प्रामाणिक मत आहे.

आता मूळ गोष्टीकडे येतो. ती सांगायला जरा जड जातंय.

१९८१ साली माझ्या थोरल्या भावाने, दादाने, दादरला एका गल्लीत वह्या-पुस्तकांचं दुकान टाकलं. जागा एवढीशी. वर पोटमाळा. दादाचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग, त्यामुळे सरकारी कागद भरायचं काम माझ्याकडे आलं. दर डिसेंबरात सहामाही परीक्षेचे पेपर तपासून झाले की दादाचा गुमास्ता. मला ते आवडायचंही. स्वच्छ अक्षरात, खाडाखोड न करता फॉर्म भरायचा, पावती नीट लावून ठेवायची. वर्षामागून वर्षं एकही खंड पडू दिला नाही. दादा गिऱ्हाइकांना सांगायचा, "आमचा गुमास्ता एक दिवस इकडचा तिकडे होत नाही. आमचा मास्तर आहे ना!"

१९८२च्या उन्हाळ्यात गावाहून एक मुलगा आला. एकोणीस वर्षांचा, मॅट्रिकला दोनदा आपटलेला, आमच्या लांबच्या नात्यातला. त्याच्या आईने दादाच्या पायावर घातला. तो दुकानात राहिला. पोटमाळ्यावर झोपायचा, दादाकडे जेवायचा, हातखर्चाला पैसे आणि वर्षातून दोनदा गावी मनिऑर्डर. हिशेबाला चोख, गिऱ्हाइकाशी गोड. जूनमध्ये शाळा उघडायच्या वेळी दुकानात पाय ठेवायला जागा नसे, तेव्हा एकावेळी चार पालकांना सांभाळायचा. दादरचा बाजार सोमवारी बंद. आमचंही दुकान सोमवारी बंद. पण शटर अर्धं खाली करून तो आत असायचा. गठ्ठे सोडणं, माल लावणं, धूळ झाडणं. कुणी त्याला सांगितलं होतं असं नाही. झोपायलाच तिथे होता, दुसरीकडे जाणार कुठे?

त्या डिसेंबरात मी फॉर्म भरायला बसलो. नोकरांची संख्या. मी दादाकडे पाहिलं. दादा म्हणाला, "तो घरचाच की. शून्य लिही." नोकरांच्या संख्येवर शुल्क ठरायचं, आणि एकही नोकर नसलेल्या दुकानाचं सगळ्यांत कमी. पण दादाला त्या रुपयांची फिकीर होती असं मला वाटत नाही. एक लिहिलं की हजेरीचं रजिस्टर आलं, रजेचा हिशेब आला, इन्स्पेक्टर आला तर प्रश्न आले. शून्य म्हणजे निवांत.

मी शून्य लिहिलं.

कायद्यात घरचा माणूस कोण, हे लिहिलेलं होतं. नवरा, बायको, मुलगा, मुलगी, आई, वडील, भाऊ, बहीण, आणि तेही मालकाजवळ राहणारे, त्याच्यावर अवलंबून असलेले. लांबच्या नात्यातला मुलगा त्यात बसत नव्हता. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं असं म्हणून मी सुटू शकतो. पण ठाऊक करून घ्यायला मला कुणी अडवलं नव्हतं.

अण्णा तेव्हा चौसष्ट वर्षांचे. दुपारी दुकानात येऊन बसायचे. त्यांनी फॉर्म हातात घेतला, चष्मा लावून अथपासून इतिपर्यंत वाचला. गुमास्त्याची ती जुनी सवय, सही करायच्या आधी सगळं वाचायचं. शून्यापाशी थांबले. पोरगा शिडीवर चढून वह्या काढत होता. अण्णा त्याच्याकडे पाहत म्हणाले, "म्हणजे हा मोजण्यात नाही तर." एवढंच. फॉर्म मला परत दिला आणि पेपर वाचायला लागले. दादाने ऐकलं की नाही कोण जाणे. मी ऐकलं होतं. पुढच्या डिसेंबरातही मी शून्यच लिहिलं, आणि त्याच्या पुढच्याही. एकदा लिहिलं की मागच्या वर्षीचा कागद समोर ठेवून तेच उतरवायचं असतं. नूतनीकरण असंच असतं.

सोळा वर्षं तो त्या दुकानात होता. १९९८ साली कागदाच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे चांगली जागा निघाली. पगार, बोनस, फंड, सगळं रीतसर. लग्न झालेलं, एक मूल, डोंबिवलीला भाड्याची खोली. दादाने खुशीने परवानगी दिली. दादा वाईट माणूस नव्हता, हे मला आवर्जून सांगायचंय. नव्या मालकाने अनुभवाचं पत्र मागितलं आणि त्याबरोबर आधीच्या दुकानाच्या गुमास्त्याच्या कागदांची झेरॉक्स. पत्र लिहायला अर्थातच मी. तो माझ्यासमोर उभा होता. म्हणाला, "मास्तर, दादांच्या गुमास्त्यात माझं नाव असेल ना?"

मी म्हटलं, "त्यात नाव नसतं रे, नुसता आकडा असतो."

"मग आकड्यात असेन."

मी काही बोललो नाही. त्याला ते समजायला किती वेळ लागला असेल? चार-पाच सेकंद. तोही काही बोलला नाही. सोळा वर्षं नोकरी केली असं पत्र द्यावं, तर दुकानाचे कागद म्हणणार नोकर शून्य. शेवटी दादाने आणि मी मिळून दुसरंच पत्र केलं. सदर इसम आमच्या परिचयाचा असून त्याची चालचलणूक चांगली आहे. खाली दादाची सही, वर माझं वळणदार अक्षर. ती घाऊकवाल्याची जागा त्याला मिळाली नाही. पत्रामुळेच असं मी म्हणू शकत नाही. पण पत्र घेऊन तो जिना उतरत होता ते मला अजून दिसतं.

पुढे त्याने डोंबिवलीला लोकांकडे नोकऱ्या केल्या, मग रस्त्यावर वह्या-पेनांचा ठेला लावला. संबंध तुटले नाहीत. दिवाळीला फोन यायचा. दादा २०१२मध्ये गेला तेव्हा खांदा द्यायला तो होता. दुकान आम्ही त्याच वर्षी बंद केलं.

आणि २०१७मध्ये तो कायदाच गेला. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तींचे विनियमन) अधिनियम, २०१७. त्या वर्षीच्या १९ डिसेंबरपासून तो लागू झाला. म्हणजे दुकानदार नूतनीकरणाचे अर्ज भरतात त्याच दिवसांत! या कायद्याने दुकानं वर्षाचे ३६५ दिवस आणि चोवीस तास उघडी ठेवायची मोकळीक दिली. दहा किंवा जास्त कामगार असतील तर नोंदणी, तीही एकदम दहा वर्षांपर्यंत. दहाच्या आत असतील तर नोंदणी नाही, नूतनीकरण नाही. नुसती संगणकावरून सूचना द्यायची, की मी धंदा सुरू केला आहे. पावती निघते. बस्स.

छोट्या दुकानदाराची बाजू मी जाणतो. तीसेक वर्षं मीच ती बाजू होतो. दर वर्षी तोच फॉर्म, तीच रांग, एक तारीख चुकली की भुर्दंड, आणि एका माणसाच्या दुकानाला गाळेच्या गाळे घेऊन बसलेल्या शोरूमच्या रांगेत उभं करायचं. हे गेलं ते बरंच झालं, असं कुणी म्हटलं तर मी भांडणार नाही.

पण २०१७च्या त्या कायद्याच्या सुरुवातीलाच एक वाक्य होतं. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांना सूचना देण्याचं ते एक कलम तेवढं लागू, बाकीचा कायदा दहा आणि त्यावरच्यांना. म्हणजे नऊ तास, अठ्ठेचाळीस तास, विश्रांती, आठवड्याची सुट्टी ही सगळी कलमं दहाच्या वर. ज्या गादीखाली एक किंवा दोन गुमास्ते बसतात आणि ज्यांच्यासाठी १९३९ साली हा सगळा खटाटोप झाला, तेच नेमके बाहेर. किमान वेतनाचं संरक्षण कायद्याने त्यांनाही आहे, ते नाही असं नाही. पण अण्णांचा रविवार ज्या कायद्यातून आला, त्यात आता अण्णांसारख्याला जागा उरली नाही. गुमास्ता कायद्यातून गुमास्ता गेला आणि नाव तेवढं मागे राहिलं. २०२२मध्ये दुरुस्ती होऊन लहान दुकानांनाही एक गोष्ट बंधनकारक झाली, ती म्हणजे मराठी पाटी. सर्वोच्च न्यायालयानेही २०२३च्या सप्टेंबरात त्यासाठी दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. मराठीचा मास्तर म्हणून मला आनंदच झाला. फक्त मनात आलं, की पाटीवरची अक्षरं मोजली जातात, पाटीखालची माणसं नाही. सप्टेंबर २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही दहाची मर्यादा वीसवर न्यायला आणि दिवसाच्या कामाचे नऊ तास दहा करायला मंजुरी दिली, तेव्हा मी कॅलेंडरात पाहिलं. लोखंड्यांच्या रविवाराला एकशे पस्तीस वर्षं झाली होती.

मग माझं मत काय? नूतनीकरण पुन्हा आणा, रांगा लावा? नाही. माझ्या डोळ्यांदेखत, किंबहुना माझ्याच हाताने, ती हजेरी इतकी वर्षं खोटी लागली. वेळच्या वेळी, स्वच्छ अक्षरात, एकही खंड न पडता. कागद जिवंत ठेवला म्हणजे कायदा जिवंत राहिला असं होत नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण त्या फॉर्मात तो रकाना तरी होता. वर्षातून एकदा मालकाला, निदान त्याच्या मास्तर भावाला, त्या रकान्यापाशी थांबावं लागायचं आणि ठरवावं लागायचं, समोर शिडीवर उभा असलेला माणूस मोजायचा की नाही. खोटं लिहिलं तर खोटं लिहिलं हे मनाला कळायचं. अण्णांसारखं कुणी ते वाचू शकायचं.

असो. रविवारी तो आला. साठी ओलांडली आहे, केस पांढरे, पण हिशेबाला तसाच चोख. आता छोटा गाळा घेतलाय, वह्या, पेनं, झेरॉक्स. गुमास्ता ही आता सूचना असते, दाखला नसतो, वगैरे मी त्याला समजावून सांगितलं. त्याने "बरं" म्हटलं आणि पुढेही गुमास्ताच म्हणत राहिला. संगणकावर नात बसली, मी शेजारी. म्हणाला, "आता तुमच्या अक्षराचं काम राहिलं नाही मास्तर." आम्ही दोघंही हसलो. नाव, पत्ता, धंद्याचं स्वरूप, भरत गेलो. मग कामगारांच्या संख्येचा रकाना आला. नातीने विचारलं, "आजोबा, इथे किती?"

मी त्याच्याकडे पाहिलं. १९८२मध्ये दादाकडे पाहिलं होतं तसंच. विचारलं, "आहे का कुणी हाताखाली?"

"भाचा आहे," तो म्हणाला. "बहिणीचा. पण पगार देतो त्याला. एक लिहा."

नातीने एक लिहिलं.